पाठीमागे बांधलेले हात

आईसमोर मटारच्या शेंगांचं ताट ठेवून माझी विद्यार्थिनी ऋजुता हात पाठीमागे बांधून बसली. ऑक्युपेशनल थेरपीच्या वर्गात तीस वर्षं मीच शिकवलेला नियम: पेशंटने कितीही धडपड केली, तरी आपला हात पुढे करायचा नाही.

आईला अर्धांगवायू होऊन सहा वर्षं झाली. तिला भरवणं, वेणी घालणं, ब्लाउजचे हुक लावणं, सगळं मीच करायचे. पाच मिनिटांत आटपायचं.

तिच्या आखडलेल्या बोटांतून शेंग तीनदा निसटली. मी पुढे झाले. ऋजुताने मानेनेच नको म्हटलं.

चौथ्यांदा शेंग उघडली. दाणे ताटात सांडले.

“आई, जमतंय की तुला!”

“तेव्हाही जमलं असतं गं,” दाणे गोळा करत आई म्हणाली. “पण तुला शिकवायला जायची घाई असायची.”