कोरे हात

सूत आधी भिजवून मगच रंगात टाका, एवढंच बजावून आई बाहेर गेली. पण धाकटीला कसला धीर! घरात हातमोज्यांची जोडी एकच. तीही ताईनं तिच्याच हातांत चढवली. आणि ताईची पाठ फिरताच तिनं कोरड्या लड्या रंगाच्या पातेल्यात ढकलल्या. ताई धावली. चटके सोसत उघड्या हातांनी लड्या उलटसुलट करत राहिली, पण चट्टे पडायचे ते पडलेच. आई परतली आणि महिनाभर कातलेल्या सुताची दशा पाहून तिनं ताईचे निळे हात पकडले. “थोरली ना तू? अक्कल गहाण ठेवलीस का?” ताई हात सोडवून लड्या पिळू लागली. धाकटीनं हळूच हातमोजे काढून पाठीमागे लपवले. आई आत जाताच धाकटीनं दोन्ही हात पातेल्यात बुडवले. बाहेर काढले, तर कोरेच. “वेडे,” ताई म्हणाली, “सगळा रंग सुतानं कधीच पिऊन टाकलाय.”