ग्रुपमधले एक

दार उघडलं आणि वायरमनला समोर आपला सख्खा धाकटा भाऊ दिसला.

वडील गेले त्या आठवड्यात दोघांचं बोलणं तुटलं होतं. तेव्हापासून एकाच शहरात राहून त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. वायरमनच्या हातात एक बाटली होती. आत गोठलेल्या खळीसारखं काहीतरी पिवळट.

“काकांनी पाठवलं,” वायरमन म्हणाला. “इथे कोणी साबणवाला म्हणून...”

“मीच तो.”

काका म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. कॅन्टीनमधलं तळून उरलेलं तेल आणायचं, घरी त्याचं डिझेल करायचं आणि आपल्या गाडीत घालायचं, असा नाद असलेली माणसं शहरात इकडेतिकडे होती. ती हुडकून त्यांचा ग्रुप करणं, एकमेकांशी गाठी घालून देणं हा काकांचा नाद. वायरमनची तेलाची एक अख्खी खेप बिघडली तेव्हा ते फोनवर म्हणाले होते, “तुमच्या जवळच एक पठ्ठ्या आहे. पहिलं वर्षभर त्याने डिझेल कमी आणि साबणच जास्त केला, म्हणून आम्ही त्याला साबणवाला म्हणतो. तेल का बिघडतं ते त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. जा, तुमचं जमेल.”

धाकटा दारातून बाजूला झाला. वायरमन आत गेला. परत फिरावं असं त्याला वाटलं नाही. आत जावं असंही वाटलं नव्हतं.

मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. जुन्या गिझरची टाकी, तिला जोडलेला पंप, भिंतीशी तेलाचे आणि मिथेनॉलचे डबे. धाकट्याने बाटली उजेडात धरली, उलटी केली. आतलं हललं नाही.

“तेलात पाणी होतं, म्हणून साबण झाला,” तो म्हणाला. “आधी तापवून पाणी उडवायचं असतं.”

“उडवलं होतं.”

“तडतड पूर्ण थांबेपर्यंत?”

वायरमनने बाटली परत घेतली.

“तुला घाई असते,” धाकटा म्हणाला. त्यात राग नव्हता. पंख्याला तीन पाती असतात, तसं त्याने ते सांगितलं.

वायरमनने गाडीतून आपलं थोडं तेल आणलं. धाकट्याने ते पातेल्यात तापत ठेवलं. तडतड सुरू झाली. दोघं पातेल्याकडे बघत उभे राहिले. वायरमनची नजर टाकीच्या वायरवर गेली. जोड उघडा होता. त्याने न विचारता मेन स्विच बंद केला, खिशातून पकड काढली, तारा पिळून घेतल्या आणि वरून टेप मारली.

“एवढं मिथेनॉल शेजारी, आणि हा असा जोड? ठिणगी पडली तर?”

“पडली नाही अजून.”

“डिझेल कशात घालतोस?” तेल ढवळत धाकट्याने विचारलं.

“बाबांच्या टेम्पोत.”

“चालतो?”

“धूर काढतो. चालतो.”

तडतड थांबली. तेल निवल्यावर धाकट्याने त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून काचेच्या बरणीत नमुन्यापुरतं मिश्रण केलं. थोड्या वेळाने तळाशी काळपट थर बसू लागला आणि वर मधासारखं स्वच्छ डिझेल उरलं. जमलं होतं. “बघ,” धाकटा म्हणाला. वायरमनने मान हलवली. दोघांपैकी कोणालाही काही वाटल्याचं दिसलं नाही.

तेवढ्यात धाकट्याची बायको कामावरून आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती शेडच्या दारात थांबली.

“कोण आलंय?”

“ग्रुपमधले आहेत एक,” धाकटा म्हणाला.

“म्हणजे तुम्हीही ह्याच वेडातले! चहा घेणार ना, दादा?”

सबंध दुपारभर तिथे ‘दादा’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. वायरमन घेतो म्हणाला.

तिने चहा बाहेरच आणला. हात पुसायला फडकंही आणलं. “पुढच्या खेपेला घरच्यांना घेऊन या,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं तेलाशी खेळत बसणार, मला तरी कोणी बोलायला हवं ना! कोण कोण असतं घरी?”

“मी आणि आई.”

“मग त्यांनाच आणा,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, नवरा पंपाशी वाकलाय असं बघून, “ह्यांना बरं वाटेल. ह्यांची आई लहानपणीच गेली. कधी विषय काढत नाहीत.”

पंपाशी वाकलेला माणूस वाकलेलाच राहिला.

“हो का,” वायरमन म्हणाला. त्याने चहा संपवला. कप तिच्या हातात दिला. “चांगला झाला होता.”

ती कप घेऊन आत गेली.

धाकट्याने आपल्याकडच्या तयार डिझेलचा एक कॅन उचलला. “तुझं होईस्तोवर हे वापर,” एवढंच म्हणून तो पुढे चालू लागला. रस्त्यावर टेम्पो उभा होता. धाकट्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण मागची फळी उघडताना त्याचा हात न चाचपता नेमका अडकलेल्या कडीवर गेला. कॅन कोपऱ्यात ठेवून तो दोरीने बांधू लागला. वायरमन बाजूला उभा होता.

“दिसतं का आईला?” दोरी ओढत धाकट्याने विचारलं.

“नाही. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही.” वायरमनने किल्ली काढली. “आवाज ओळखते.”

कॅन पक्का बसला होता. धाकट्याने दोरीला आणखी एक गाठ मारली. मग आणखी एक.