घुमणारी गिटार

रविवार उजाडल्यापासून शेखर भोसरीच्या घरी, माडीवरच्या खोलीत, गिटारीचा एकच तुकडा कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होता आणि ऐकून कपाळाला हात लावत होता.

"काय दुखतंय तुझ्या मशीनचं?" चहाचा कप ठेवत शालनबाईंनी लेकाला विचारलं.

"आवाज घुमतोय, आई. एकेक करून सगळे इफेक्ट बंद केले, माइकसुद्धा बदलला. तरी विहिरीत बसून वाजवल्यासारखं येतंय. महिन्यापूर्वी इथंच किती छान यायचं!"

"मशीनला कशाला बोल लावतो? मोकळी खोली हाय, घुमणारच की. खाली गाद्या टाक, खिडकीला जाड पडदा लाव, त्या भिंतीला कपाट..."

शालनबाई मधेच थांबल्या.

रुसून माहेरी गेलेल्या सुनेचे, जयमालाचे भाऊ पंधरा दिवसांपूर्वी मोटारसायकलवर आले होते, बहिणीच्या चार साड्या न्यायला. "तुमच्या घरचं काय बी नको आमाला! गाद्या, पडदे, कपाट, समदं उचला," असं अख्ख्या गल्लीला ऐकवून टेम्पो शालनबाईंनीच बोलावला होता.