नाडी बहात्तर

"आणि आज तोंड उघडायचं नाही," नातीने बजावलं. "बेशुद्ध पेशंट बोलत नाही."

"बेशुद्ध पेशंटला नाक खाजवता येतं का?" खाटेवरून आजोबांनी विचारलं.

"आत्ताच काय ते खाजवून घ्या."

फोन तिने डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवला होता. साथीमुळे नर्सिंगचं कॉलेज बंद होऊन पाच महिने झाले होते. प्रात्यक्षिक परीक्षा घरूनच, घरातल्याच माणसाला पेशंट करून. पास होतील त्या मुलींना सोमवारपासून वॉर्डात घेणार होते. तिथे माणसं पुरत नव्हती. ज्यांच्या घरात आजारी माणूस असेल त्यांची परीक्षा रद्द. वर्ष गेलं.

आजोबांना दोन दिवस खोकला होता. कालपासून अंगही तापलं होतं.

"मॅडमनी विचारलं तर काय सांगू? अजूनही नको म्हणते मी. जाऊ दे वर्ष."

"गप बस. खोकला आला तर गिळीन. तू चादरीकडे बघ. काल कोपरा तिरका घातलास."

जन्म शिवणयंत्रावर गेलेला. तिरकी घडी त्यांना बघवत नसे. सरावाच्या वेळी तिन्ही खेपांना ते याच कोपऱ्यावरून मध्ये बोलले होते.

तिचा नंबर चौदावा होता. ती फोनसमोर उभी राहून आधीच्या मुलींची परीक्षा ऐकत राहिली. आजोबा डोळे मिटून पडून होते.

तासाभराने तिचं नाव पुकारलं.

"घरात कोणी आजारी?"

"नाही, मॅडम."

"कर सुरू."

तिने आजोबांना कुशीवर वळवलं. कालच्यापेक्षा जड लागले. अंग अगदी सोडून द्यायचं, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. जुनी चादर पाठीशी गुंडाळली, नवी पसरली, पुन्हा वळवलं. घाईत शेवटचा कोपरा तिरका गेला. ती क्षणभर थांबली. आजोबा काही बोलले नाहीत. म्हाताऱ्याने शब्द पाळला म्हणायचा. तिने हसू दाबलं.

"आता नाडी आणि श्वास."

तिने मनगटावर बोटं ठेवली आणि फोनकडे पाहिलं. मॅडम कागदात बघत होत्या. फोनमधून कोणाला काय मोजता येणार? मघापासून सगळ्याच मुली पुस्तकातला आकडा सांगत होत्या.

"नाडी बहात्तर, मॅडम. श्वास अठरा."

"पेशंट छान मिळालाय तुला. बाकीच्यांचे सारखे हसतात." मॅडमनी कागदावर खूण केली. "पास. सोमवारी आठला वॉर्डात हजर राहा. चला, पुढची कोण?"

तिने माइक बंद केला.

"झालं, आजोबा! बोला आता. कोपरा तिरका आलाय, दिसतंय मला."

तिने त्यांचा खांदा हलवला.

"पुरे ना आता. पास झाले मी."

ती खाटेच्या कडेवर बसली. पुन्हा मनगट धरलं. या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाट्याची एक फेरी पुरी झाली. तिने बोटं जराशी वर सरकवली आणि दुसरी फेरी धरली.

डब्यांना टेकलेला फोन चालूच होता. त्यातून पुढची मुलगी घाईघाईने म्हणाली, "नाडी बहात्तर, मॅडम."