एकाच गाठोड्यातले

"तलावाकाठच्या बंगल्यात मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही," असं मंत्रिसाहेब चौकशी आयोगापुढे सांगून बसले होते. ठेकेदार म्हणाला होता, साहेबांना मी फक्त पेपरात पाहतो. बँकेच्या संचालकाला तर दोघांचीही ओळख नव्हती. आता तिघांच्या घरून जप्त केलेले तीन सदरे टेबलावर होते, आणि साक्षीला लॉन्ड्रीवाली बाई उभी होती.

"मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? आठवत नाही म्हण आणि सूट तिथून," नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं. तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

बाईने एकेक सदरा उलटा केला. खालच्या दुमडीत हिरव्या दोऱ्याची नखाएवढी चंद्रकोर. तिन्हींवर.

"चंद्रकोर म्हणजे तलावाकाठचा बंगला. दोऱ्याचा रंग मी गाठोड्यागणिक बदलते," ती म्हणाली. "हिरवं गाठोडं एकच होतं. हे तिन्ही त्यातलेच."

मंत्र्यांचा वकील हसला. "अहो बाई, असली खूण कुणीही घालील!"

"मग घाला ना, साहेब." पदराला टोचलेली सुई काढून तिने पुढे धरली. "फक्त डाव्या हाताने घाला. मी डावरी आहे, माझा टाका उलटा पडतो. बावीस वर्षांत एकाचा कपडा दुसऱ्याच्या घरी गेला नाही माझ्याकडून."

सगळीकडे खसखस पिकली. नवऱ्याने मान वर केली. वकिलाने सुई घेतली नाही.

आयोगाच्या अध्यक्षबाई सदरे घेऊन खिडकीशी गेल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी टाके बराच वेळ निरखले. मग टंकलेखकाला म्हणाल्या, "लिहा. तिन्ही कपडे एकाच बंगल्यातून, एकाच गाठोड्यात आले."

मंत्र्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"या तुम्ही आता," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाई दाराकडे वळली आणि थबकली. सदरे टेबलावर चोळामोळा होऊन पडले होते. ती परत फिरली. बाह्या मागे घेतल्या, बटणं लावली, घडी घालायला लागली.

मंत्री जायला उठले.

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांचं काम होऊ दे."

मंत्री बसले. बाईने त्यांच्या सदऱ्याची कॉलर तळव्याने दाबून, सावकाश, सरळ केली.