इझेलचा लॉयर

इझेल साक्षीच्या पिंजऱ्यात चढला. त्याची कॉलर कडक इस्त्रीची होती. इस्त्री त्याच्या बायकोच्या, ओनेटाच्या हातची, हे लॉयरने मागच्या बाकावरून ओळखलं, आणि त्याच्या पोटात दुखलं. जवानी सरली, तरी हे दुखणं सरत नव्हतं.

लॉयर हे त्याचं नाव. पोरगा वकील होईल म्हणून आईने हौसेने ठेवलेलं. झाला तो पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याच्या, गोदामात हमाल. जॉर्जियात अशी नावं पैशाला पासरी. एक 'जज्ज' तर त्याच गोदामात झाडू मारतो.

ओनेटाने मघाशीच पुढच्या बाकावरून उकडलेल्या शेंगांची पिशवी मागे सरकवली होती. "खा. इझेल म्हणाला, लॉयरला उपाशी बसवू नकोस."

इझेलवर दुकान फोडल्याचा आळ होता. पुरावा एवढाच, की दुकानदाराचा शब्द एकीकडे आणि इझेलचा दुसरीकडे. सरकारी वकील म्हणाला, हा जुना डुक्करचोर, शिक्षा भोगलेला, ज्यूरीला कळू द्या. इझेलच्या वकिलाने हरकत घेतली. डुकराच्या त्या खटल्यात आरोपीला वकील नव्हता, आणि तसली शिक्षा ज्यूरीपुढे काढता येत नाही. जज्जने ज्यूरीला बाहेर पाठवलं आणि इझेललाच विचारलं.

"तेव्हा तुझ्याबरोबर लॉयर होता?"

"होता की साहेब. शेजारीच उभा होता. गुन्हा कबूल कर, संध्याकाळी घरी जाशील, असं त्यानंच सांगितलं."

इझेलच्या वकिलाने कपाळाला हात लावला. जज्ज म्हणाला, मग प्रश्नच मिटला, बोलवा ज्यूरीला.

संध्याकाळी घरी! इझेल दोन वर्षं पायात साखळी घालून रस्ते खोदत होता. तेवढ्यात ओनेटा आपली होईल, असा लॉयरचा हिशेब होता. पण ती इझेलसाठी थांबली. आता नुसतं गप्प बसलं, की इझेल पुन्हा आत. पिंजऱ्यातून इझेलने त्याच्याकडे पाहून मान डोलावली, आभार मानावेत तशी.

मांडीवरची पिशवी अजून कोमट होती. लॉयर उठला.

"साहेब, तो लॉयर मी."

"तू वकील आहेस?"

"नाही. नुसता नावाचा."

"मग याचा कोण लागतोस?"

ओनेटाने मागे वळून पाहिलं.

"मित्र," लॉयर म्हणाला. "तोही नावाचाच."