चमचा आला तळ्यावर

"अगं, तळ्यावर चमच्यासारख्या चोचीचा पक्षी आलाय!" श्रीपादराव दारातूनच ओरडले.

"काल चष्मा लावलेला बगळा, आज चमचेवाला," भाजी निवडता निवडता कुमुदबाई म्हणाल्या. "अहो, गुडघा बदललाय माझा, डोकं नाही."

ऑपरेशननंतर पडायच्या भीतीने कुमुदबाई जिना उतरल्याच नव्हत्या. त्यांना खाली न्यायचं म्हणून श्रीपादराव रोज तळ्यावरून एकेक थाप घेऊन यायचे: कवायत करणारी बदकं, पाण्याला घाबरणारा पाणकावळा. आणि आज नेमका खराखुरा पक्षी उभा, तर तिखटमीठ लावायला जीभच वळेना!

"मग? काय म्हणाला तुमचा चमचेवाला?"

"काही नाही. पांढरा आहे. चोच टोकाला चपटी. बस्स." ते गुमान चहा पिऊ लागले.

कुमुदबाईंचा हात थांबला. उभ्या जन्मात या माणसाची गोष्ट 'बस्स'वर संपली नव्हती. त्यांनी काठी मागितली.

उथळ पाण्यात तो पांढराशुभ्र पक्षी चपटी चोच डावीउजवीकडे फिरवत गाळ ढवळत होता. कठड्याला धरून कुमुदबाई बघतच राहिल्या. गुडघ्याची आठवण करून द्यायची नाही, म्हणून श्रीपादराव श्वास रोखून उभे.

फिरायला आलेल्या शेजारणीने विचारलं, "कुठला पक्षी हो हा, काकू?"

"चमचा," कुमुदबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "चहा ढवळतोय. जोडीदार साखर आणायला गेलाय. उद्या सकाळी या, ओळख करून देते. मी रोज असते इथं."